हौदातली हायड्रिला आणि पहाटेचे मासे

तिन्ही वेळा मासे पहाटेच मेले. पहिल्या खेपेस दोन, चार दिवसांनी तीन आणि झड लागल्याच्या तिसऱ्या दिवशी एकदम सात. रात्री सगळे नीट पोहत होते. सकाळी सहाच्या आत आजी जास्वंदीची फुलं तोडायला अंगणात आल्या, तेव्हा सात पोटं वर आलेली आणि उरलेले मासे कडेला जमून पाण्याबाहेर तोंड काढून हवा गिळत होते. दहा वाजेपर्यंत हेच उरलेले मासे चारा मागायला येऊ लागले. मी त्या घरी पोचले ती साडेदहाला, त्यामुळे मला फक्त धडधाकट मासे दिसले. नंतर बऱ्याच गोष्टी मोजल्या, तरी मला वाट दाखवली ती मुख्यतः या घड्याळानं.

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. नागपूरच्या महाल भागातला हा जुना वाडा माझ्या बारावीच्या एका विद्यार्थिनीचा. मधे अंगण, अंगणात विहीर आणि विहिरीला लागून सिमेंटचा हौद: दहा फूट लांब, सहा फूट रुंद, पाणी दोन फूट. म्हणजे सुमारे ३,४०० लिटर. चारही बाजूंनी दोन मजली भिंती असल्यानं ऊन थेट पडतं ते साडेदहा ते तीन एवढंच. हौदात गोल्डफिश आणि काही कोई जातीचे मिळून २६ मासे होते. आणि हायड्रिला होती, पाण्यात बुडून वाढणारी वनस्पती. भरपूर. हात घातला तर मासा लागण्याआधी हायड्रिलाच हाताला लागे.

ती इतकी का होती, हे आधी सांगायला हवं. दोन मासे मेले तेव्हा मुलीच्या काकांनी मासेवाल्याकडून हायड्रिलाच्या चार जुड्या आणून हौदात सोडल्या. तीन मेले तेव्हा ओळखीच्या शेततळ्यातून पोतंभर आणली. विचार सरळ होता, झाडं ऑक्सिजन देतात. पहिल्या जुडीनंतर दुपारी पानांवर मोत्यांसारखे बुडबुडे सगळ्यांनीच पाहिले होते, मग शंका कोण घेणार? आजींनी मला हाच प्रश्न विचारला. "बाई, झाडं त हवा देतात न? मंग मासे हवेविना कसे मेले?"

या प्रश्नाला त्याच जागी उत्तर द्यायचा मोह मी टाळला. मासे हवेविना मेले हे अजून ठरलं नव्हतं.

आधी काय नाही ते

घरात तीन संशय होते. पाण्यात क्लोरीन असेल, कुणी तरी काही टाकलं असेल किंवा माशांना रोग असेल. क्लोरीन लगेच बाद झालं, कारण हौद विहिरीच्या पाण्यावर भरतो. रोगाचा संशयही टिकला नाही. पहाटे सहाला धापा टाकणारा मासा कुठलंही औषध न देता दहाला बरा होतो, असा रोग मला ठाऊक नाही. विषाचंही तेच. विष पाण्यात असेल तर ते सूर्य वर आला म्हणून निघून जात नाही.

माझ्या मनात चौथा संशय अमोनियाचा होता. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या चाऱ्यातून अमोनिया होतो आणि लहान पाण्यात तोच बऱ्याचदा घातक ठरतो. पण त्याचं विषारीपण पाण्याच्या पीएचवर, म्हणजे पाणी आम्ल की अल्कधर्मी हे सांगणाऱ्या आकड्यावर, अवलंबून असतं. ३० अंश तापमानाला पीएच ८.८ असेल तर एकूण अमोनियाचा साधारण एक तृतीयांश भाग विषारी रूपात असतो. पीएच ७.२ वर आला की तोच भाग शंभरात एक-दोन उरतो. या हौदाचा पीएच उन्हाच्या दुपारी ८.७५ च्या आसपास आणि पहाटे ७.२५ च्या आसपास भरला. म्हणजे अमोनियानं मारलं असतं तर तिसऱ्या प्रहरी मारलं असतं. मासे मरत होते ते अमोनिया सर्वांत सौम्य असतानाच्या वेळी.

या दोन आकड्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. एकाच हौदाचा पीएच दिवसातून दीड अंकानं वर-खाली होतो, याचा अर्थ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड कुणीतरी दिवसा ओढून घेतंय आणि रात्री परत सोडतंय. हा वायू पाण्यात विरघळला की पाणी आम्लाकडे झुकतं, निघून गेला की अल्कधर्मी होतं. आणि हे काम हौदातल्या माशांच्या आवाक्यातलं नव्हतं.

एका रात्रीचं पाणी

त्या शनिवारी मी वाड्यातच मुक्काम केला. सोबत प्रयोगशाळेतल्या बीओडीच्या, म्हणजे पाण्याचा नमुना हवाबंद ठेवायच्या, बाटल्या आणि ऑक्सिजन मोजायच्या विंकलर पद्धतीची रसायनं नेली. लायोश विंकलर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञानं १८८८ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही मला फार आवडते, कारण तिच्यात उत्तर आधी डोळ्यांना दिसतं आणि मग आकड्यात येतं. बाटली बुडबुडा न राहू देता भरायची, त्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड घालायचं. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो. ऑक्सिजन जितका जास्त, तितका तो गडद. ऑक्सिजन नसेल तर साका पांढराच राहतो.

दिवसभर आभाळ भरलेलं होतं. दुपारी चारच्या बाटलीतला साका चांगला तपकिरी होता. रात्री दहाची बाटली फिकट, दोनची आणखी फिकट. साडेपाचची बाटली मुलीनं दिव्याजवळ धरली आणि म्हणाली, "मॅडम, ही तर दुधाच्या चहासारखी पण नाही." नंतर मोजल्यावर दुपारी चारला लिटरमागे ६ मिलिग्रॅमच्या जरा वर ऑक्सिजन निघाला, साडेपाचला २ च्याही खाली. काही दिवसांपूर्वी अर्धा दिवस ऊन पडलं होतं तेव्हाच्या दुपारच्या बाटलीत ११ च्या वर होता.

आता या आकड्यांना माप लावू. ३० अंशाचं पाणी हवेतून जेवढा ऑक्सिजन धरून ठेवू शकतं तो लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास असतो. अख्ख्या हौदात मिळून हा साठा फक्त २५ ग्रॅम होतो. मूठभर! हवेत दर लिटरमागे सुमारे २८० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो, म्हणून आपण खोलीत झाडं ठेवून झोपलो तरी काही बिघडत नाही. पाण्यात मात्र प्रत्येक ग्रॅमचा हिशेब द्यावा लागतो. शिवाय पाण्यातून वायू पसरण्याचा वेग हवेतल्या वेगाच्या सुमारे दहा हजारावा भाग आहे. वरच्या थरात आलेला ऑक्सिजन दोन फूट खाली आपोआप पोचायला रात्र पुरत नाही.

मग ११ मिलिग्रॅम असलेल्या दुपारी जास्तीचा साठा रात्रीसाठी का उरत नाही? इथे त्या सुंदर बुडबुड्यांनी सगळ्यांना फसवलं. पानावर बुडबुडा दिसतो तो पाणी आणखी ऑक्सिजन विरघळवून घेऊ शकत नाही म्हणून. तो सुटतो, वर येतो, फुटतो आणि अंगणाच्या हवेत मिसळतो. पाण्याला त्यातलं फारसं काही मिळत नाही. बुडबुडा ही पाण्याच्या हातून निसटलेली मिळकत आहे.

आणि आजींच्या प्रश्नाचं उत्तर असं की, झाड हवा देतं हे खरं, पण ते हवा घेतंही, आणि घेणं कधीच थांबत नाही. हायड्रिलाच्या प्रत्येक पेशीचं श्वसन दिवसा-रात्री चालू असतं: ऑक्सिजन आत, कार्बन डायऑक्साइड बाहेर. उजेडात प्रकाशसंश्लेषण याच्या उलट दिशेनं आणि कितीतरी जोरात चालतं, म्हणून श्वसन झाकलं जातं. अंधार पडला की उलटं काम बंद होतं आणि झाकलेलं उघडं पडतं. झाड रात्री वेगळं काही करायला लागतं, असं नाही.

पाण्यात बुडालेल्या झाडात हे सगळं जास्त उघडं दिसतं. जमिनीवरच्या झाडासारखी पर्णरंध्रं हायड्रिलाच्या पानाला नसतात. पान पेशींच्या जेमतेम दोन थरांचं, त्यामुळे वायूंची देवघेव सरळ पृष्ठभागातून, सगळीकडून. डच वैद्य यान इंगेनहाउस यांनी १७७९ मध्ये पाण्यात बुडवलेल्या पानांवरच दाखवून दिलं की बुडबुडे उन्हात येतात, अंधारात थांबतात, आणि रात्री झाडंही हवा बिघडवतात. त्याआधी इंग्रज शास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली यांना झाड कधी हवा सुधारताना दिसे, कधी नाही, कारण उजेडाकडे त्यांचं लक्ष गेलेलं नव्हतं. आपल्याकडे जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात प्रकाशसंश्लेषणाची गती मोजायला निवडली ती हायड्रिलाच. ज्या झाडानं एवढं शिकवलं, ते या हौदात दोषी ठरतंय म्हणून मला वाईट वाटत होतं, आणि म्हणूनच दोष किती आणि कशाचा हे नीट पाहायचं होतं.

बाटल्या

रविवारचा दिवस मी मुलीच्या हाती दिला. साधन साधं: ब्रोमोथायमॉल ब्लू. पाण्यात कार्बन डायऑक्साइड जास्त झाला की हा दर्शक पिवळा, कमी झाला की निळा, मधे हिरवा.

पहिला प्रयोग फसला. तिनं विहिरीचंच पाणी घेतलं, थेंब टाकले, पाणी निळं झालं. हायड्रिलाची काडी घालून बाटली अॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळली आणि तीन तासांनी उघडली तर पाणी निळंच. "मॅडम, अंधारात काहीच होत नाही." होत होतं, पण महालातल्या त्या विहिरीचं पाणी भलतंच जड आहे. त्यातले बायकार्बोनेट क्षार थोडा आम्लपणा गिळून टाकतात आणि दर्शकाला पत्ताही लागू देत नाहीत. वर्गात हा प्रयोग नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्यात करून "आला नाही" म्हणून सोडून देणारे शिक्षक मी पाहिले आहेत. मग आम्ही स्वयंपाकघरातल्या फिल्टरचं पाणी घेतलं, त्यात नळीनं हलकेच फुंकून रंग हिरव्यावर आणला आणि नव्यानं सुरुवात केली.

बाटल्या अशा ठेवल्या. एक उघड्या आभाळाखाली, हायड्रिलाच्या एका काडीसह. एक तशीच, पण कागदात गुंडाळलेली. बिनकाडीच्या दोन, एक उजेडात, एक गुंडाळलेली, म्हणजे रंग बदलला तर तो झाडामुळे की नुसत्या पाण्यामुळे हे कळावं. आणि एक हिरव्या जाळीखाली.

ही जाळी म्हणजे या प्रकरणातला माझा आवडता संशयित. नागपूरच्या उन्हाळ्यात अंगणावर हिरवी जाळी बांधल्याशिवाय झाडं जगत नाहीत. वाड्यातही ती चैत्रात बांधलेली होती आणि आषाढ उजाडला तरी काढलेली नव्हती. भिंतींचा आडोसा, वर ढग, त्यात जाळी. झाडाला उजेडच पुरत नसणार, असं मी मनात ठरवून टाकलं होतं.

दुपारी दोनला उघड्यावरची बाटली निळी झाली होती, गुंडाळलेली पिवळी. बिनकाडीच्या दोन्ही हिरव्याच. आणि जाळीखालची? तीही निळसर झाली होती. उशिरा, फिकी, पण निळसर. माझा अंदाज चुकला होता. हायड्रिला फार थोड्या उजेडावर भागवून घेते. ढग आणि जाळी मिळूनही एका मोकळ्या काडीचा हिशेब नफ्यातच राहत होता.

तेव्हा मुलीनं जे सुचवलं ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ती म्हणाली, "पण हौदात काडी एकटी कुठे आहे?" तिनं हिरव्या पाण्याच्या दोन बाटल्या घेतल्या, दोन्हींत सारख्या लांबीची काडी घातली, बुचं घट्ट बसवली, सुतळी बांधली. एक बाटली हौदाच्या पृष्ठभागाशी, दुसरी गुंत्याच्या खाली, तळापासून वीतभर वर. सोमवारी आभाळ तसंच होतं. सकाळी नऊला सोडलेल्या बाटल्या तिनं तीनला काढल्या. वरची निळसर. खालची हिरव्याकडून पिवळ्याकडे सरकलेली, भर दुपारी.

म्हणजे वरची वीतभर हायड्रिला उजेड खाऊन टाकत होती आणि तिच्या खालच्या दीड फुटात संध्याकाळ कायमचीच होती. उजेडाची एक पातळी अशी असते, जिथे पानाची कमाई आणि खर्च सारखे होतात. तिथे बाहेरून पाहणाऱ्याला देवघेव थांबल्यासारखी दिसते, दर्शक हिरवा तो हिरवाच. त्या पातळीच्या खाली गेलेलं पान दिवसाही नुसता खर्चच करतं. काकांनी पोतं ओतलं, त्यातून कमावणारी पानं जवळजवळ वाढली नाहीत, कारण वरचा थर आधीच भरलेला होता. वाढली ती खाणारी तोंडं. त्यात खालची पानं सडू लागली आणि तळाच्या गाळातल्या जिवाणूंचं श्वसनही त्याच २५ ग्रॅमांवर सुरू झालं.

झडीत मासे जास्त का मेले, हेही यात आलं. ढगाळ दिवशी वरचा थर कमी कमावतो, संध्याकाळी पाणी ११ ऐवजी ६ वर असताना रात्र सुरू होते, खर्च मात्र तेवढाच. दुसऱ्या ढगाळ दिवशी सुरुवातच खालून होते.

आणि एअर पंप? तो होता. काकांनी त्याला टायमर लावला होता, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. रात्री त्याच्या घरघरीनं आजींना झोप येत नसे. मी हे ऐकलं तेव्हा क्षणभर बोलले नाही, कारण त्यांनी हे आजींच्या काळजीपोटी केलं होतं. पण उन्हाच्या दुपारी, पाण्यात ऑक्सिजन मावत नसताना, पंपाचे बुडबुडे तो बाहेर काढायलाच मदत करतात. पाणी ढवळलं की ते हवेशी बरोबरीला येतं: जास्त असेल तर उतरतं, कमी असेल तर चढतं. रात्री दोनला जे काम पंपानं केलं असतं, त्याच्या उलट काम तो दुपारी दोनला करत होता.

काय बदललं

टायमर उलटा केला, रात्री आठ ते सकाळी आठ. पंप फोमच्या तुकड्यावर ठेवून न्हाणीघराच्या भिंतीआड नेला, नळी लांब केली. आजींची झोप शाबूत राहिली. जाळी काढली, मोठा गुन्हा तिचा नसला तरी.

हायड्रिला आम्ही एकदम काढली नाही. उपसताना गाळ ढवळला तर त्यातलं सडकं सगळ्या पाण्यात पसरतं आणि ते पंप लावलेल्या रात्रीलाही भारी पडतं. तीन सकाळी थोडी थोडी करून, उजेड वर आल्यावर, सुमारे दोन तृतीयांश काढली. तुटलेला एकही तुकडा पाण्यात राहू दिला नाही. पाणी बदललं ते दर वेळी चौथा भाग.

काकांनी विचारलं, पंपाऐवजी रात्री हौदावर दिवा लावला तर? प्रश्न चांगला आहे. भर उन्हात जमिनीवर एक लाख लक्सच्या आसपास उजेड असतो, घरातल्या दिव्याखाली काहीशे. तेवढ्यानं दोन फूट पाण्यातल्या गुंत्याचं भागणार नाही, आणि पंपाला त्या दिव्याहून फार वीज लागत नाही. त्यांनी आणखी एक सांगितलं, पिंपळ चोवीस तास ऑक्सिजन सोडतो असं त्यांना मोबाइलवर आलं होतं. सोडत नाही. ऑक्सिजन पाण्याचा रेणू उजेडात फोडून निघतो, उजेड नाही तर तो नाही, मग झाड कितीही पूज्य असो. काही झाडं रात्री कार्बन डायऑक्साइड घेऊन साठवतात, पण तीही तेव्हा ऑक्सिजन देत नाहीत.

मुलीला अंबाझरी तलावाची चिंता होती. तिथे पसरलेली जलपर्णी रात्री असंच करते का? तिथलं गणित वेगळं आहे. जलपर्णीची पानं पाण्याबाहेर असतात, पर्णरंध्रं हवेत उघडतात, त्यामुळे ती दिवसा कमावते तो ऑक्सिजन बहुतेक थेट हवेत जातो. पाण्याच्या वाट्याला येते ती सावली, मुळांचं श्वसन आणि सडलेली पानं. हायड्रिला निदान दिवसा तरी पाण्याचं देणं फेडते. म्हणून मी तिला हौदातून सगळी हायड्रिला काढू दिली नाही. माशांच्या मलमूत्रातलं नत्र तीच शोषते, आणि पातळ असली की तळापर्यंत उजेड जाऊ देते.

दहा दिवसांनी पुन्हा झड लागली. दुसऱ्या ढगाळ रात्रीनंतर साडेपाचला मुलीनं बाटली भरली, मी साका बसवला. तपकिरी. मोजल्यावर ५ च्या वर. उरलेले १४ मासे खालीच पोहत होते, एकाचंही तोंड वर नव्हतं. आजी फुलांची परडी घेऊन हौदापाशी बराच वेळ उभ्या राहिल्या.

उपसलेली हायड्रिला गच्चीवर वाळत टाकली होती, कढीपत्त्याच्या कुंडीत घालायला. वाळल्यावर पानांवर पांढरी, चुरचुरीत पूड दिसू लागली. मुलीला वाटलं बुरशी. मी तिला लिंबू आणायला सांगितलं. जड पाण्यात दुपारी कार्बन डायऑक्साइड संपत आला की हायड्रिला बायकार्बोनेटवर हात टाकते. त्यातला अर्धा कार्बन पानाला मिळतो, उरलेला अर्धा कॅल्शियमसोबत चुनखडी होऊन पानावर बसतो. तिनं त्या पुडीवर लिंबाचे तीन-चार थेंब पिळले. बारीक फेस आला. "हा कार्बन डायऑक्साइड?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. तिनं उरलेलं लिंबूही पिळलं आणि कान जवळ नेऊन ऐकत बसली.